घरच्या माणसाचा रोज

आमच्या जालन्यात दोन ओळखीची माणसं भेटली की तब्येत नंतर विचारतात, आधी 'सध्या किती पडतात?' असं विचारतात. म्हणजे महिन्याकाठी हातात किती येतात. यात विचारणाऱ्याला संकोच नसतो आणि सांगणाऱ्यालाही नसतो. मला मात्र हा प्रश्न सहन होत नाही. लग्नाच्या पंगतीत, एसटीत, कुठेही कोणी हे विचारलं की माझं तोंड वाकडं होतं, आणि आई मला कोपराने ढोसते. कारण सांगायचं तर वडिलांचं सांगावं लागेल आणि त्याबरोबर माझंही. आजवर मी ते टाळत आले.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणतो. ते आणि त्यांचा धाकटा भाऊ, माझे काका, मूळचे केदारखेड्याचे. घरची जमीन दोन संसारांना पुरणारी नव्हती, म्हणून ती आजोबांच्या हाती ठेवून दोघे भाऊ एकाच वर्षी बाहेर पडले. अण्णा जालन्याला आले आणि एमआयडीसीतल्या एका रोलिंग मिलमध्ये लागले. काका नाशिकला गेले आणि गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात चिकटले. दोघेही दहावी नापास, दोघेही अंगाने दणकट, दोघांची लग्नं एकाच मांडवात झालेली. दोन शहरं शेजारी ठेवून बघायची असतील तर याहून सारखी जोडी कोणाला मिळाली नसती. आमच्या घराला ती आयतीच मिळाली होती, आणि घराने तिचा पुरेपूर उपयोग केला.

वर्षातून एकदा महालक्ष्म्यांना सगळे केदारखेड्याला जमायचे. पुरणावरणाचं, आंबिलीचं, सोळा भाज्यांचं जेवण झालं की बायका आत भांड्यांना लागायच्या आणि पुरुष ओसरीवर भिंतीला टेकायचे. मग काका विचारायचे, "दादा, सध्या किती पडून राह्यले?"

अण्णा आकडा सांगायचे. मग काका आपला सांगायचे. अण्णांचा आकडा नेहमीच मोठा असायचा. ओसरीवरची भाऊबंद मंडळी म्हणायची, म्हणजे नाशिकपेक्षा आपलं जालनाच बरं की. पानाला चुना लावताना अण्णांची मान ताठ व्हायची. मी दाराच्या आड उभी राहून ते बघायची आणि माझीही मान ताठ व्हायची.

तो आकडा खोटा नव्हता. खोटं बोलणं अण्णांना जमतच नाही, साधं 'घरी नाहीत म्हणून सांग' हेसुद्धा ते कधी सांगू शकले नाहीत. भानगड होती ती हजेरीची. मिलमध्ये आठ तासांची एक हजेरी धरत. अण्णांची पाळी बारा तासांची, म्हणजे दिवसाला दीड हजेरी. सुट्टी घेतली नाही तर तिचीही हजेरी, आणि दुसरा कोणी आला नाही की त्याची पाळी ओढायची, तिचीही हजेरी. त्यामुळे कॅलेंडरचा महिना तीस दिवसांचा असला तरी अण्णांचा चाळीस-बेचाळीस हजेऱ्यांचा असायचा, आणि लग्नसराईत बाकीचे गावाला गेले की पन्नासाच्या घरात जायचा. आमच्या वस्तीत नळावर बायका नवऱ्याच्या हजेऱ्या सांगायच्या, जसे दुसरीकडे मुलांचे मार्क सांगतात. माझी आईही सांगायची. दुसरीत असताना बाईंनी महिन्याचे दिवस किती म्हणून विचारलं तेव्हा मी उभी राहून चाळीस म्हणाले होते. वर्ग हसला. मला कळेना हसण्यासारखं काय आहे, माझ्या वडिलांचा महिना तेवढाच होता.

मिलमध्ये अण्णा काय काम करायचे ते मी फार उशिरा, एकदा डबा द्यायला गेले तेव्हा पाहिलं. भट्टीतून निघालेली लालभडक सळई रोलमधून सळसळत यायची आणि अण्णा ती सांडशीने पकडून पुढच्या रोलात घालायचे. मग पुढची. मग त्याच्या पुढची. मी फाटकापासून बघत होते तरी माझे गाल भाजले. अण्णांनी मला पाहिलं नाही. पाहायला मान वळवावी लागली असती.

आता आजोबांकडे येते, कारण पुढची सगळी गोष्ट त्यांच्या एका सवयीवर उभी आहे. सुगी संपली की आजोबा ओसरीवर बसून शेतीचा खर्चा तोंडाने म्हणायचे. बियाणं इतकं, खत इतकं, फवारणी इतकी, निंदणीच्या बायकांचा रोज इतका, मळणीयंत्रवाल्याचे इतके. ते सगळं आडत्याकडून आलेल्या पट्टीतून, म्हणजे विकलेल्या मालाच्या पैशातून, वजा करायचं आणि उरलं तो नफा. रोज म्हणजे आमच्याकडे दिवसाची मजुरी. मी एकदा विचारलं, आजोबा, तुम्ही वर्षभर राबलात, आजी राबली, तुमचा रोज कुठं धरला? आजोबांनी खर्चा म्हणायचं थांबवलं. "घरच्या माणसाचा रोज धरतं का कोणी?" ते म्हणाले. "तो काय बाहेरून आणून राह्यलो का आपण?" ओसरीवरचे सगळे हसले. मी दुसऱ्यांदा हसण्याचा विषय झाले, आणि हा धडा मात्र पक्का लक्षात राहिला. बाहेरच्याचा दिवस हा खर्च, घरच्याचा दिवस हा काहीच नाही. आमच्या गावात कोणत्याही घरी गेलात तर हेच ऐकायला मिळेल.

मी अकरावीत होते त्या वर्षी महालक्ष्म्यांच्या दुसऱ्या दिवशी काकांनी अण्णांना गोठ्याकडे बाजूला नेलं. मी तिथेच वाळलेले कपडे काढत होते. काका म्हणाले, "दादा, आमच्या कंपनीत जागा निघाली हाय. मी सायबाशी बोलून ठेवलं. आठ तास ड्युटी, रविवारी सुट्टी, वर्षभरानं परमनंट करतेत. महिन्याला तुम्हाला आत्ता पडतेत त्यापेक्षा थोडे कमी पडतील, पण या. बिलकुल सोडू नका."

"ईचार करून सांगतो," अण्णा म्हणाले.

"दसऱ्याच्या आत सांगा. जागा थांबणार न्हाई."

जालन्याला परतल्यावर चार-पाच दिवस तसेच गेले. मग एका सकाळी अण्णा रात्रपाळीहून आले, हातपाय धुतले आणि न झोपता माझ्यासमोर येऊन बसले. मी कॉमर्सला होते. आमच्या अख्ख्या भावकीत कॉमर्स शिकणारी मी पहिली, आणि अण्णांच्या लेखी कॉमर्स म्हणजे जगातल्या सगळ्या आकड्यांची किल्ली होती. "कागदावर मांड," ते म्हणाले. "इकडं जालना, तिकडं नाशिक. काय पडतं, वर्सावर्साला वाढ कुठं जास्त होऊन राह्यली, खर्चा कुठं किती, समदं मांड. तू काढशील ते मी मानीन."

तू काढशील ते मी मानीन. असं मला आजवर दुसऱ्या कोणी म्हटलेलं नाही, नवऱ्यानेही नाही.

मी वहीचं मधलं जोडपान काढलं आणि पट्टीने रकाने आखले. अण्णांना मागच्या पाच वर्षांचे आकडे तोंडपाठ होते. काकांचे मी चुलत बहिणीला फोन करून विचारले. खोलीचं भाडं, फी, येणंजाणं, दूध. सगळं मांडून झाल्यावर मी एक रकाना उरला होता त्यावर लिहिलं, 'तास'. मुद्दाम लिहिलं नाही, हात आपसूक गेला. खाली एकीकडे बारा लिहिलं आणि दुसरीकडे आठ.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"कामाचे तास. तुमचे बारा, काकांचे आठ."

अण्णा हसले. दमलेले होते तरी अगदी आजोबांसारखे हसले. "ते कशाला? घरच्या माणसाचा रोज धरत असतेत का? तास काय मला बाजारातून आणायचे हायेत? काट ते."

इथे मी थांबले होते. हे मला नीट आठवतं, कारण नंतर मी त्या क्षणाकडे इतक्यांदा गेले आहे की त्याच्या कडा झिजल्या असत्या, पण झिजल्या नाहीत. मला माहीत होतं की ते चूक आहे. त्याच महिन्यात कॉलेजात सरांनी शिकवलं होतं की वेळेलाही किंमत असते, ती धरली नाही तर तुलना फसते. मी ते वहीत उतरवून घेतलं होतं, खाली लाल रेघ मारली होती. आणि मी काही गप्प बसणारी मुलगी नव्हते. दूधवाल्याशी, रेशन दुकानदाराशी, शेजारच्या काकूंशी, कोणाशीही मी भांडायची. अण्णांशी तर रोज. त्या सकाळी मी एक वाक्य बोलले असते तर पुरलं असतं.

मी बोलले नाही, कारण मला नाशिकला जायचं नव्हतं.

त्याच्या आदल्या उन्हाळ्यात मी काकांकडे आठ दिवस राहिले होते. पहिल्याच दिवशी चुलत बहिणीच्या मैत्रिणी आल्या. कधी आलीस म्हणून त्यांनी विचारलं. मी सांगितलं, "काल सांच्यालाच आल्तो आम्ही." त्या एकमेकींकडे बघून खुदकन हसल्या. मग त्यातली एक म्हणाली, परत म्हण ना. मी परत म्हटलं. मला वाटलं तिला ऐकू आलं नाही. मग तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. पुढचे सात दिवस मी हो आणि नको याखेरीज काही बोलले नाही, आणि परतीच्या एसटीत ठरवलं की या शहरात मी पुन्हा पाऊल टाकणार नाही. जालन्यात मी बोलकी होते, हुशार होते, वर्गात पहिल्या तिघींत होते. नाशिकमध्ये मी करमणूक होते. सोळा वर्षांच्या मुलीला हे कारण डोंगराएवढं वाटतं. आज ते लिहिताना मला शरम वाटते.

मी पट्टी ठेवली आणि त्या रकान्यावर दोन रेघा मारल्या. सरळ, ठळक.

मग काय, जालना जिंकलं. महिन्याचा आकडाही मोठा आणि पाच वर्षांची वाढही मोठी. अण्णांनी कागद दोन्ही हातांत धरून वाचला, आईला हाक मारली आणि म्हणाले, "जालनाच बराबर हाय. पोरीनं काढून दाखवलं." त्यांच्या आवाजात सुटका होती. मला वाटतं त्यांनाही मिल सोडायची धास्तीच होती, पण हे मी माझ्या सोयीसाठी म्हणत असेन. काकांना फोन केला तेव्हा पलीकडून काका तासांचं काहीतरी बोलले असावेत, कारण अण्णा म्हणाले, "ते आम्ही धरलं न्हाई." आणि विषय संपला. ती जागा दुसऱ्या कोणाला मिळाली.

कागदातली वाढ पुढेही होत राहिली. दर महालक्ष्म्यांना अण्णांचा आकडा फुगलेला असायचा. पण बारकाईने पाहिलं तर हजेरीचा भाव नावापुरता हलायचा, वाढत होत्या त्या हजेऱ्या. भाव वाढेना म्हणून अण्णा हजेऱ्या वाढवायचे, आणि आम्ही त्याला वाढ म्हणायचो. माझी बीकॉमची फी त्यातून आली, एमकॉमची आली, माझ्या धाकट्या भावाचं पॉलिटेक्निक त्यातून झालं. माझ्या पदवीच्या कार्यक्रमाला अण्णा पाळीवरून थेट आले, इस्त्रीचा शर्ट डब्याच्या पिशवीत घालून. शर्ट त्यांनी कॉलेजच्या नळाजवळ बदलला. माझं नाव पुकारलं तेव्हा ते खुर्चीत झोपलेले होते. आईने उठवायला हात लावला, तर मी स्टेजवरूनच नको अशी खूण केली.

काकांचा आकडा हळूहळू सरकायचा. पण काकांचे रविवार होते. त्या रविवारी काका त्यांच्या कॉलनीतल्या भजनी मंडळात जायला लागले, मग पेटी शिकले. चाळिशीत शिकलेली पेटी, बोटं अडखळायची, पण महालक्ष्म्यांना ती गाडीत घालून आणायचे आणि जेवणानंतर ओसरीवर वाजवायचे. गाव जमायचं. आजी मला हळूच सांगायची, "लहानपणी गळा तुझ्या बापाचा होता. ह्याचा न्हाई." मला ते आधी माहीत नव्हतं. मी अण्णांना कधी गुणगुणतानाही ऐकलेलं नव्हतं.

एका वर्षी पंगतीत मी वाढत होते. आमटीचं पातेलं घेऊन अण्णांपर्यंत आले, तर त्यांचा हात ताटात होता आणि मान खाली गेलेली. मला वाटलं ते वाटीतलं काही बघताहेत. ते झोपले होते. पुरणाचा घास बोटांत तसाच. शेजारी बसलेल्या काकांनी स्वतःचं जेवण थांबवलं, अण्णांचा हात ताटातून अलगद उचलला, तांब्यातल्या पाण्याने ताटातच धुतला आणि आपल्या उपरण्याला पुसला. अण्णा जागे झाले नाहीत. मी पातेलं घेऊन पुढच्या पानाकडे गेले, दुसरं काय करणार होते? त्या दिवशी ओसरीवर काकांनी 'किती पडतात' हे विचारलं नाही, आणि नंतरही कधी विचारलं नाही. मग अण्णाच आपणहून सांगायला लागले.

पन्नाशी ओलांडली तसे अण्णांचे कान गेले. मिलच्या आवाजाने आधी उजवा, मग डावा. मग सांडशी धरताना हात थरथरायला लागला. एकदा सळई निसटली. कोणाला लागली नाही, पण मजूर पुरवणाऱ्या कंत्राटदाराने दुसऱ्या दिवशी सांगितलं की आता घरी आराम करा. निरोप समारंभ वगैरे आमच्याकडे नसतो. अण्णा डबा जसाच्या तसा घेऊन दुपारी घरी आले, आणि आईने तो डबा उघडून त्यांना घरातल्या ताटात वाढला. काकांची नोकरी अजून चालू आहे. ते निवृत्त होतील तेव्हा त्यांना फंड मिळेल, कंपनी शाल देईल, ते पेटी वाजवतील. मला काकांचा राग येत नाही. त्यांनी बोलावलं होतं.

मागच्या वर्षी मला एक हंगामी काम मिळालं. मधल्या आकाराच्या शहरांत मजुरी किती आहे आणि कशी वाढते आहे, याची पाहणी एक संस्था करत होती. जालना, लातूर, सोलापूर, नाशिक. माझ्याकडे जालना होतं. त्याआधी संभाजीनगरला दोन दिवसांचं प्रशिक्षण होतं. माझ्याहून आठ-दहा वर्षांनी लहान मुलगी फळ्यापाशी उभी राहिली आणि तिने पहिलंच वाक्य लिहिलं, 'महिन्याचा आकडा घेऊन शहरांची तुलना करू नका. तासाला किती पडतात ते काढा.' सगळ्यांनी उतरवून घेतलं. मीही घेतलं. अक्षर वाकडं आलं.

मग दीड महिना मी एमआयडीसीत हिंडले. पाळी सुटायच्या वेळी फाटकाबाहेर चहाच्या टपरीशी उभी राहायची, मोटारसायकली आणि टेम्पो यायचे, नव्या पाळीची माणसं उतरायची, सुटलेली चढायची. महिन्याला किती, असं विचारलं की लगेच आकडा यायचा, छाती काढून. तास किती, असं विचारलं की माणूस गोंधळायचा. "तासाचं काय घेऊन बसल्या ताई," अण्णांच्या वयाचा एकजण म्हणाला. "ड्युटी असती तितके तास. ते कोण मोजून राह्यलं?" मी त्याला शांतपणे विचारत राहिले, किती वाजता येता, किती वाजता जाता, सुट्टी कधी घेतली होती. तो आठवून आठवून सांगत होता आणि मी लिहीत होते. त्याचं होईपर्यंत त्याचा टेम्पो निघून गेला. मी त्याला माझ्या स्कूटीवर घरी सोडलं. एवढं कोणी करत नाही, पण मला तो तसाच सोडवेना.

चार शहरांचं शेवटी काय निघालं ते मला माहीत नाही. आमच्यासारख्या दारोदार हिंडणाऱ्यांना तो अहवाल कोणी पाठवत नाही. पण फॉर्म जमा केले त्या आठवड्यात मी घरी बसून एकच तुलना केली. अण्णा आणि काका. दोघांचे इतक्या वर्षांचे आकडे मला पाठ होते, दरवर्षी ओसरीवर ऐकलेले. भाडं, येणंजाणं धरूनही पुन्हा पाहिलं. पहिल्या वर्षापासून काकांचा तास महाग होता. दर वर्षी अंतर वाढत गेलेलं. अण्णांचा तास तर काही वर्षी आजोबा निंदणीच्या बायकांना द्यायचे त्या रोजाच्या एका तासाच्या जेमतेम बरोबरीला येत होता, आणि त्या बायका दिवस कलायच्या आत घरी जायच्या.

मी ठरवलं की अण्णांना सांगायचं. रकाना मी काटला होता, का काटला होता, सगळं. इतकी वर्षं ते दगडासारखं पोटात घेऊन मी फिरले होते आणि आता मला ते उतरवायचं होतं. त्यात मला काही थोर वाटत होतं हेही कबूल करते.

दुपारची वेळ होती. अण्णा ओट्यावर शेंगा फोडत बसले होते. मी शेजारी बसले आणि सुरुवात केली, आणि लगेच अडले. त्यांना ऐकू येईना. "जोरात बोल," ते म्हणाले. मी जोरात बोलले. "काय?" मग मी ओरडले. अशी ती माफी मला गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मागावी लागली. समोरच्या घरातली बाई दारात येऊन उभी राहिली. आत आईच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी ओरडून सांगत होते की तेव्हा तास धरले असते तर नाशिकचं जास्त पडलं असतं, मला माहीत होतं, मला जायचं नव्हतं म्हणून मी बोलले नाही. माझा घसा दुखायला लागला आणि रडू यायला लागलं, आणि रडत ओरडता येत नाही.

अण्णांनी किती ऐकलं देव जाणे. शेंग हातात धरून त्यांनी विचारलं, "मंग नाशिकचं जास्त पडायलं म्हण."

मी हो म्हणून मान हलवली.

"कधीपासून?"

"पहिल्यापासून," मी मोठ्याने म्हणाले.

"पयल्यापासून," ते म्हणाले. त्यांच्या हातातली शेंग फुटली नाही. त्यांनी ती परत ढिगात ठेवली. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "चूक माझी हाय, अण्णा." ते मी हळू म्हणाले असावे.

अण्णा माझ्याकडे झुकले. कान गेल्यापासून ते नेहमी मोठ्यानेच बोलतात, पण त्या वेळी आवाज अगदी खाली आणला. "तुझ्या काकाला सांगू नको," ते म्हणाले. "त्याला वाटंल, दादाला येवढं बी कळलं न्हाई."

मी माफी मागायला बसले होते आणि लाज त्यांना वाटली. त्यांच्या मनात मला माफ करायचं असं काही आलंच नाही. आपण फसलो, तेही आपल्याच हिशोबात, आणि आता ते धाकट्या भावाला कळायला नको, एवढंच त्यांना दिसत होतं. भावापेक्षा चार पैसे जास्त कमावले, ही एकच गोष्ट त्या माणसाकडे आयुष्यभराची म्हणून होती. मी माझं ओझं उतरवण्यासाठी ती काढून घेतली. आई बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि शेंगांचं सूप उचलून आत घेऊन गेली.

त्या वर्षी महालक्ष्म्यांना अण्णा केदारखेड्याला आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणाले. आम्ही बाकीचे गेलो. जेवणं झाल्यावर काकांनी ओसरीवरून मला हाक मारून विचारलं, "दादा खरंच गुडघ्यामुळं थांबले, का दुसरं काही हाय?"

"गुडघेच," मी म्हणाले.